डबल बेल, रांगोळी आणि परिशिष्ट तीन

आमच्या पळणाऱ्या टोळीच्या नावाचं पासबुक मे २०२४ मध्ये हातात आलं. टोळीची रीतसर संस्था करायची असं जानेवारी २०२३ मध्ये ठरलं होतं. म्हणजे मोजून सोळा महिने. त्यातले निदान सहा तरी आमच्या स्वतःच्या अज्ञानात गेले, हे आधीच कबूल करते. कुणी आपल्या गावच्या ग्रुपची नोंदणी करायच्या विचारात असेल, तर त्याचे ते सहा वाचावेत म्हणून सगळं लिहून ठेवतेय.

आधी टोळीबद्दल. साताऱ्यात २०१२ पासून हिल हाफ मॅरेथॉन होते. यवतेश्वरचा घाट चढायचा आणि परत खाली यायचं, एकवीस किलोमीटर. २०१६ साली आम्ही पाच जण तिच्या तयारीसाठी पहाटे साडेपाचला समर्थ मंदिरापाशी भेटायचो. ओळख अशी काही नव्हती. ज्याचा त्याचा वेग, ज्याचं त्याचं गुडघ्याचं दुखणं. स्पर्धा झाली, मेडलं भिंतीवर गेली. पुढच्या मंगळवारी कुणीही कुणाला न सांगता पाचही जण पुन्हा तिथंच, त्याच वेळी. एकमेकांकडे बघून जरा ओशाळलोच. मग पळालो. आमचा स्थापना दिवस विचाराल तर तो मंगळवार. त्याची तारीख कुणालाच आठवत नाही, आणि पुढे कागदावर ती लिहायची वेळ आली तेव्हा याचा चांगलाच घोळ झाला.

त्या पाचांत एक एसटीतून निवृत्त झालेले वाहक होते. त्यांना आम्ही कंडक्टर काकाच म्हणतो. पहिल्या थंडीत त्यांनी सायकलची घंटी खिशातून आणली आणि सगळे जमल्यावर दोनदा वाजवली. डबल बेल, म्हणजे गाडी सोडा. तेव्हापासून डबल बेल झाल्याशिवाय कुणी पाऊल उचलत नाही, आणि सिंगल बेल वाजली की जिथं असाल तिथं थांबायचं. मागे कुणाला तरी काहीतरी झालेलं असतं. दुसरी रीत चहाची. शेवटचा माणूस पोचल्याशिवाय थर्मासचं झाकण उघडायचं नाही. यामुळे झालं असं, की वेगवान मंडळी शेवटच्याला आणायला स्वतःहून उलटी जायला लागली. प्रेमापोटी म्हणा नाहीतर चहापोटी.

तिसरी रीत नावांची. पाच वेळा आलात की तुम्हाला नाव मिळतं, आणि ते तुम्ही निवडायचं नसतं. मी ‘घरपट्टी’ नव्हते तेव्हा. ते नाव मला या नोंदणीच्या भानगडीत मिळालं. आधीची मी ‘लेस’. का ते कळलंच असेल.

नावांची ही पद्धत आमची नाही, मलेशियातून आलीय. आमच्यातला एक जण नोकरीनिमित्त तीन वर्षं क्वालालंपूरला होता. तिकडून तो ‘हॅश’ घेऊन आला. १९३८ साली तिथल्या काही ब्रिटिश नोकरदारांनी सुरू केलेला हा प्रकार. गिस्पर्ट नावाचा एक हिशेबनीस त्यातला म्होरक्या. सेलांगोर क्लबच्या ज्या इमारतीत ही मंडळी राहायची आणि जेवायची, तिथलं जेवण इतकं बेचव की तिला ‘हॅश हाऊस’ म्हणायचे. त्यावरून क्लबचं नाव हॅश हाऊस हॅरिअर्स. गिस्पर्ट १९४२ मध्ये सिंगापूरच्या लढाईत मारला गेला, पण क्लब युद्धानंतर पुन्हा उभा राहिला आणि जगभर पसरला. २००२ साली त्यांचा जागतिक मेळावा आपल्या गोव्यात झाला होता.

खेळ सोपा आहे. एक जण ‘ससा’. तो आधी जाऊन पिठाच्या खुणा टाकत वाट आखतो, मध्येच मुद्दाम चुकीच्या वाटाही काढतो. बाकीचे माग काढत पळतात. एखाद्या ठिकाणी नुसता गोल असतो, म्हणजे इथं माग तुटला, चहूबाजूंनी शोधा. जोरात पळणारे शोधाशोध करत चुकीच्या वाटांवर दमतात, तोवर हळू येणारे गोलापाशी येऊन पोचतात. खरी वाट सापडली की ‘ऑन-ऑन’ ओरडायचं. आम्ही ‘सापडली रे!’ ओरडतो.

पहिला ससा मलेशियावालाच झाला. २०१८ चा जानेवारी, दोन किलो कणीक, अजिंक्यताऱ्याकडे जाणारा रस्ता. त्यानं तिकाटण्यावर मोठा थोरला गोल काढला आणि आत फुली मारली. आम्ही पोचलो तर तिथं एक आजी पदर खोचून उभ्या. “ह्यो उतारा कुनी टाकलाय? मान्सं जात्यात हितनं.” दूधवाला तर मोटारसायकल वळवून दुसऱ्या रस्त्यानं गेला. आम्ही समजावलं, पीठच आहे, आम्ही पळण्यासाठी टाकलंय. त्यावर आजी आणखी भडकल्या, कारण आता गुन्हा दुप्पट झाला: करणी नाही म्हणता, म्हणजे अन्न वाया घालवलं! दुसऱ्या दिवशी त्याच गोलात कुणीतरी खरोखरचं लिंबू आणून ठेवलं होतं, वर तीन मिरच्या. तेव्हापासून आम्ही पीठ सोडलं आणि पांढरी रांगोळी घेतली. बाणाच्या जागी लक्ष्मीची पावलं काढतो. दिशा तर कळतेच, आणि कुणाला भीतीही वाटत नाही. गोलाऐवजी चार पाकळ्यांचं फूल. फक्त पावसाळ्यात हे सगळं बंद. साताऱ्याच्या पावसात रांगोळी पाच मिनिटं टिकत नाही.

एवढं मजेत चाललं असताना नोंदणीचं खूळ कुठून आलं? पैशातून. २०२२ च्या दिवाळीपर्यंत आम्ही चाळीसच्या वर गेलो होतो. टी-शर्टचे, प्रथमोपचार पेटीचे, नव्या वर्षाच्या छोट्या रनचे पैसे एकाच्या बचत खात्यात यूपीआयनं जमा व्हायचे. डिसेंबरात त्या खात्यात सभासदांचे अडतीस हजार होते, आणि त्याच खात्यातून त्याचा गृहकर्जाचा हप्ता जात होता. एका महिन्यात हप्ता आमच्या टी-शर्टच्या पैशांतून गेला. त्यानं दोन दिवसांत भरले, स्वतःहून सांगितलंही. पण त्याचा चेहरा बघून सगळ्यांनाच वाटलं की आपण या माणसावर अन्याय करतोय. बँकेत चौकशी केली तर ग्रुपच्या नावानं खातं निघत नाही. नोंदणी प्रमाणपत्र आणि पॅन पाहिजे. रनसाठी परवानगीचा अर्ज द्यायचा, तर तोही ‘कोण?’ म्हणून द्यायचा हा प्रश्न होताच.

२२ जानेवारी २०२३ च्या रविवारी चहा पिता पिता ठरलं. अक्षर बरं म्हणून मी सचिव.

एक वकील मॅडम गाठल्या. त्यांनी फी नऊ हजार सांगितली आणि पहिल्याच भेटीत जे सांगितलं, ते मी शहाणी असते तर वहीत लिहून घेतलं असतं. महाराष्ट्रात हे दोन टप्प्यांचं काम आहे. आधी १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली संस्था, त्याला किमान सात जण लागतात. मग १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली न्यास, म्हणजे ट्रस्ट, म्हणून नोंदणी. दोन्हींचं कार्यालय एकच, धर्मादाय आयुक्तांचं, पण अर्ज वेगळे, प्रमाणपत्रं वेगळी. मी फक्त पहिलं ऐकलं.

नावात महिना गेला. ‘भारत’, ‘राष्ट्रीय’ असलं, सरकारी वाटेल असं काही नको, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. आमच्या पहिल्या दोन पसंत्यांसारखी नावं आधीच नोंदलेली निघाली. त्यामुळे तीन-चार नावं क्रमानं तयार ठेवा, आणि नाव पक्कं होण्याआधी टी-शर्ट छापू नका. (आमच्याकडे चाळीस टी-शर्ट आहेत. घरात फरशी पुसायला उत्तम.)

मग उद्देश. विधानपत्रात संस्थेचे उद्देश लिहावे लागतात आणि आम्ही ते मोठ्या हौसेनं लिहिले: एकत्र पळणे, शेवटच्याची वाट पाहणे, नंतर चहा पिणे. मॅडमनी वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, “हे फक्त सभासदांसाठी आहे का सगळ्यांसाठी?” प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. फक्त आपापल्यात मजा करणारा क्लब कायद्याच्या नजरेत धर्मादाय होत नाही. १९५० च्या कायद्यातल्या कलम ९ मध्ये धर्मादाय प्रयोजनांत गरिबांना मदत, शिक्षण, वैद्यकीय मदत यांच्याबरोबर करमणुकीच्या, मोकळ्या वेळेच्या सोयीही येतात, पण त्या समाजकल्याणासाठी आणि लोकहितासाठी हव्यात. मग आम्ही खरं काय ते लिहिलं, कारण ते खरंच होतं: कुणीही यावं, वर्गणी ऐच्छिक. चहाचं कलम मात्र गेलं. त्या जागी ‘सभासदांमध्ये स्नेहभाव वृद्धिंगत करणे’ आलं. काकांना अजून तो शब्द नीट म्हणता येत नाही.

त्या रात्री मलेशियावाल्यानं ग्रुपवर टाकलं, की १९५० मध्ये खुद्द मूळ हॅशलासुद्धा तिथल्या संस्था निबंधकाकडे नोंदणी करावी लागली होती आणि त्यांनी चार उद्देश लिहून दिले होते. सभासदांची तब्येत राखणे, शनिवार-रविवारची उतरवणे, चांगली तहान लावून ती बिअरनं भागवणे, आणि वयस्कर सभासदांना पटवणे की तुम्हाला वाटतं तेवढे तुम्ही म्हातारे नाही. मी मॅडमना हे दाखवलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, तुम्ही मुद्दा चार ठेवा, बाकीचं राहू द्या.

घटनेत आणखी एक कलम होतं, ज्यावर आमची सगळ्यात लांब चर्चा झाली: विसर्जन. संस्था बंद करायची तर किमान तीन पंचमांश सभासदांची संमती लागते, आणि देणी फिटल्यावर जे उरेल ते सभासदांनी वाटून घ्यायचं नाही. दुसऱ्या संस्थेला द्यायचं. आमची मालमत्ता म्हणजे एक थर्मास, एक घंटी, प्रथमोपचार पेटी. “म्हंजे घंटी माझी नाही?” काकांनी विचारलं. शेवटी घंटी काकांची खासगी, संस्था ती वापरते, असं ठरलं. घटनेत लिहिलं नाही.

कार्यकारी मंडळाच्या यादीत पूर्ण नाव, वय, पत्ता, व्यवसाय लागतो. इथं आम्हाला कळलं की सहा वर्षं सोबत पळूनही आम्हाला एकमेकांची नावं माहीत नाहीत. ‘पंक्चर’ला फोन करून विचारलं, अगं तुझं खरं नाव काय? ती घाटात माझ्या पुढे असते नेहमी. वयाच्या रकान्यात एकसष्ट लिहिताना मी पेन थांबवून पुन्हा विचारलं. एकसष्टच.

मार्च ते जुलै हे महिने कागदांचे. एक त्रुटी अशी निघाली की एका सदस्याची पॅनवरची सही इंग्रजीत आणि अर्जावरची मराठीत. दुसरी, सगळ्यात महाग पडलेली, पत्त्याची. संस्थेचा पत्ता म्हणून मी माझं घर दिलं होतं. जागामालकाचं ना हरकत पत्र आणि घरपट्टीची पावती जोडायची. पावती उघडली तर नाव सासऱ्यांचं, आणि ते २०१४ मध्ये गेले. घर आमचंच, भरणा आम्हीच करतो, पण कागदावर ना हरकत देणारा माणूस हयात नाही. नाव लावून घेण्याचं काम नऊ वर्षं ‘करू की’ म्हणून पडलेलं. शेवटी दुसऱ्या सदस्याचा पत्ता घेतला, सगळे कागद पुन्हा टाइप केले, पुन्हा सातांच्या सह्या घेतल्या. पाच आठवडे गेले. माझं नाव ‘लेस’चं ‘घरपट्टी’ झालं ते असं. पत्ता ठरवायच्या आधी पावतीवरचं नाव बघा, एवढंच सांगते.

सह्यांबद्दलही एक: सगळ्यांना एका जागी बोलवून घरी सह्या घ्यायच्या भानगडीत पडू नका. रनच्या दिवशी चहाच्या वेळी क्लिपबोर्ड फिरवा. फक्त घाम पुसायला रुमाल ठेवा. आमचं एक संमतीपत्र ओलं होऊन शाई पसरली.

११ ऑगस्ट २०२३, शुक्रवार. संस्थेचं प्रमाणपत्र मिळालं. मी खिडकीपाशीच फोटो काढून ग्रुपवर टाकला, पेढे वाटले, प्रमाणपत्र कपाटात ठेवलं. गणपती आले, गेले. दसऱ्याला आमची किल्ल्यावरची रन झाली. मॅडम बाहेरगावी होत्या आणि मी समजत होते की काम झालं.

नोव्हेंबरच्या आठ तारखेला त्यांचा फोन. “परिशिष्ट दोन भरलंत ना?” न्यासाच्या नोंदणीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत करायचा असतो. माझ्या डोक्यात अजून दिवस होते. त्यांनी कॅलेंडर बघायला सांगितलं. अकरा नोव्हेंबर, दुसरा शनिवार. बारा तारखेला लक्ष्मीपूजन. म्हणजे शेवटचा कामाचा दिवस शुक्रवार, धनत्रयोदशी. उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज करता येतो, जग बुडत नाही, पण आणखी एक कागद आणि आणखी एक कारण लिहावं लागतं, आणि आमचं कारण ‘कपाटात ठेवलं’ हे होतं. दोन दिवसांत ठराव, शपथपत्र, मालमत्तेचा तपशील, कोर्ट फी स्टँप, सगळं जमवलं. घरी फराळाची कढई, टेबलावर झेरॉक्स. परिशिष्ट दोनच्या एका प्रतीवर चकलीच्या तेलाचा डाग होता, ती आम्ही आमच्या फायलीला ठेवली. दहा तारखेला दुपारी पोच मिळाली. खिडकीवरच्या ताईंनी शिक्का मारला आणि “हॅपी दिवाळी” म्हणाल्या. मला तिथंच रडू आलं. जरा अतीच झालं ते.

पुढे चौकशी. हरकती मागवणारी जाहीर नोटीस वर्तमानपत्रात द्यावी लागली, चोवीसशे रुपये. कुणी हरकत घेतली नाही. मला उगाच त्या आजींची आठवण येत होती. फेब्रुवारीत तारखेला मी आणि काका गेलो. वाट बघत दोन तास बाकावर. विचारलेले प्रश्न थोडे आणि नेमके: पैसे कुठून येणार, हिशेब कोण ठेवणार, दरवर्षी लेखापरीक्षण करून घ्यावं लागेल हे माहीत आहे का. मग विचारलं, वर्गणी दिली नाही तर पळू देता का? मी घटनेतलं कलम शोधत पानं उलटत होते. काका म्हणाले, “साहेब, रस्ता आमचा नाही.”

मार्चमध्ये आदेश आणि न्यासाचं प्रमाणपत्र. एप्रिलमध्ये पॅन, १०७ रुपये. मे महिन्यात खातं. बँकेनं पुन्हा सगळ्यांची केवायसी, खातं उघडण्याचा ठराव आणि दोन सह्यांची पद्धत मागितली, म्हणून ठरावाचा मसुदा आधीच तयार ठेवा. वकील मॅडमचे नऊ हजार, नोटीस चोवीसशे, टायपिंग-झेरॉक्स-नोटरीचे अठराशे पन्नास, सरकारी फी आणि स्टँपचे २९०, पॅनचे १०७. एकूण १३,६४७. सगळ्या पावत्या एका फायलीत आहेत. गृहकर्जाचा हप्ता ज्याच्या खात्यातून गेला होता, त्यानंच ती फाइल लावलीय. सुटल्यासारखा दिसतो आता.

खजिनदार मात्र तो नव्हता. खजिनदार होती ‘ब्रेक’, उतारावर किंचाळते ती. खातं उघडल्यावर तीन आठवड्यांत तिची नांदेडला बदली झाली. कार्यकारी मंडळात बदल झाला की नव्वद दिवसांच्या आत बदल अर्ज करावा लागतो, परिशिष्ट तीन. राजीनामा, सभेची नोटीस, इतिवृत्त, नव्या खजिनदाराचं संमतीपत्र. या वेळी मी कॅलेंडर आधी उघडलं आणि अर्ज अकराव्या दिवशी गेला.

त्याची तारीख लागलीय. मंगळवार आहे. काका म्हणाले, सकाळचं उरकून, अंघोळ करून तसंच जाऊ. चहा मात्र शेवटचा आल्यावरच.